खिळ्यावरच्या साखळ्या

९ जानेवारी, सोमवार

साखळ्या मापाच्या नव्हत्या! नव्हत्याच! आणि माझा नातू, हा मेला विगिल, म्हणतो, बाई गाडी चालवायला बसली की असंच व्हायचं.

झेन्त्सी, माझी नातसून, सकाळी बरगडी दाखवायला दवाखान्यात निघाली होती. तिच्या छोट्या लाल गाडीतून. गुडघाभर बर्फ. विगिलनं कोठारातल्या खिळ्यावरच्या, बर्फात चाक घसरू नये म्हणून बांधतात त्या जुन्या साखळ्या काढल्या आणि स्वतःच्या हातानं तिच्या चाकांना चढवल्या. मी खिडकीतून बघत होते. माझी मूठ आत गेली असती एवढ्या ढिल्या. उरलेलं तारेनं आवळलं. "जा आता. दवाखान्यात काय बोलायचं ते माहीत आहे ना? गाईनं लाथ मारली."

चौथ्या वळणावर साखळी सुटली. चाकाबरोबर फिरत पत्र्यावर अशी आपटत होती म्हणे, की कोणी बाहेरून कुऱ्हाड घालतंय. पत्रा फाटला. गाडी गर्रकन फिरली आणि कठड्याच्या खांबाला अडकली. एकच खांब. त्याच्याखाली ओढा.

चालत घरी आली. ओठ फुटलेला. तो गाडीनं नाही फुटला, तो कालचा.

११ जानेवारी, बुधवार

विगिलनं ट्रॅक्टरनं गाडी ओढून आणली. त्या साखळ्याही शोधून आणल्या, परत खिळ्यावर टांगल्या. फेकत का नाही?

१३ जानेवारी, शुक्रवार

दुधाच्या ट्रकमधून खाली गावात गेले. हार्टविगच्या गॅरेजात. मला बघून दात काढले. सगळी दरी मला ओमा म्हणते, आजी. "ओमा, गाडी घेतली की काय? सांगून ठेवा, मी रस्त्यावर यायचा नाही."

"घेतली. पहिली फेरी तुझ्या अंगावरून. आता साखळ्या दाखव."

"कुठल्या गाडीला?"

"झेन्त्सीच्या."

हसणं बंद झालं. दरीत सगळ्यांना सगळं माहीत आहे, फक्त माहीत नसल्यासारखे वागतात.

हार्टविग म्हणाला, गाडीच्या कागदावर जाऊ नका. कागदावर उन्हाळ्याच्या टायरचं माप असतं, आणि आपण बर्फात घालतो ते टायर बऱ्याचदा अरुंद. चाकाशी गुडघे टेकायचे, बर्फ पुसायचं आणि टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचायचं. मी काय, चार हिवाळे शाळेत गेलेली. पण गाईच्या कानातला बिल्ला वाचते, तसा टायरही वाचून ठेवला होता. हातावर पेन्सिलीनं लिहून नेलं होतं. एकशे पासष्ट, सत्तर, चौदा.

"शाब्बास! तुमच्या नातवाला एवढं जमलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी जीपच्या साखळ्या घ्यायला आला, कागद नाचवत. दोनशे पंचवीस! मी म्हटलं, तुझे हिवाळी टायर दोनशे पाचचे आहेत. ऐकेना. अंगणात एक फेरी मारली, साखळी ब्रेकची नळी कापता कापता राहिली. मग आला मुकाट्यानं दुसऱ्या न्यायला."

म्हणजे खिळ्यावर आहेत त्या ह्याच. त्याला माहीत होतं. माहीत असून बांधल्या!

हार्टविगनं बारीक कडीच्या साखळ्या दिल्या. छोट्या गाडीत चाकामागं बोटभरच जागा असते, जाड कडी आत घासते. पुढच्या चाकांना बांधायच्या, ओढतात ती पुढची. पन्नास पावलं गेलं की उतरून पुन्हा आवळायच्या. त्याला स्पेकचा, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा, एक तुकडा दिला, चांगला, दोन हिवाळे वाळवलेला.

१७ जानेवारी, मंगळवार

डुक्कर मारलं. सुरी विगिलच्या हातात, रक्त धरायला झेन्त्सी. तिचं मनगट सुजलंय, भांडं कललं, थोडं रक्त बर्फावर गेलं. त्यानं सुरी ठेवली — ठेवली, एवढं बरं — आणि त्याच हातानं कानाखाली मारली. ती डुकरावर पडली. उठली तेव्हा गालावर पाच बोटं, लाल, ओली, वाफ निघतेय.

"धू तोंड. डुकरीण दिसतेस."

मी उकळत्या पाण्याचा डाव त्याच्या पाठीवर रिकामा केला. जाड कोट होता, मानेवरच काय ते भाजलं. त्यानं मला भिंतीला दाबलं. "म्हातारे, पुढच्या वेळी तुलाही टांगीन त्या आकड्याला."

बाप तोडलेल्या झाडाखाली चिरडून मेला तेव्हा हा चार वर्षांचा. याला दूध मी पाजलं, पँट मी शिवली. काही नाही, लिहून ठेवते इतकंच.

१८ जानेवारी, बुधवार

झेन्त्सीच्या गाडीत त्याला नव्या साखळ्या सापडल्या. लाकडं फोडायच्या ओंडक्यावर टाकून कुऱ्हाडीनं एक एक कडी तोडली. तासभर. ठिणग्या उडत होत्या. मग ती मूठभर लोखंडं तिच्या सूपच्या ताटलीत ओतली.

"खा!"

२० जानेवारी, शुक्रवार

दूधवाल्याबरोबर हार्टविगला निरोप — तसल्याच अजून एक जोडी. संध्याकाळपर्यंत आली, रिकाम्या कॅनमध्ये. माझ्या गादीखाली आहे. पाठीला कडी न् कडी टोचते.

२२ जानेवारी, रविवार

प्रार्थना झाली की विगिल खानावळीत पत्ते खेळायला बसतो. तेवढ्यात आम्ही दोघी कोठारामागं. नव्या साखळ्या घरीच चढवून बघायच्या, वाटेत साखळ्यांचा डबा पहिल्यांदा उघडणारा मूर्ख. पहिल्यांदा अठरा मिनिटं. कडी दोनदा तिच्या हातातून सुटली.

"ओमा, मला नाही जमायचं."

"गाईला दावं बांधतेस ना? मग! रडायचं असेल तर पोचल्यावर रड."

चौथ्या वेळी सहा मिनिटं. घट्ट बसल्या. मी करंगळी घालून पाहिली, गेली नाही. बर्फावरच्या खुणा फावड्यानं मोडल्या.

२९ जानेवारी, रविवार

दोन फेब्रुवारी ठरली. मेणबत्त्यांचा सण. मी शेतांवर मोलकरीण होते तेव्हा मालक बदलायचा दिवस तो एकच. त्या दिवशी सकाळी गाठोडं उचलायचं आणि निघायचं, मालकाला अडवता येत नसे. कसाही राक्षस असो, त्या दिवशी दारातून बाजूला व्हायचा. मी तीन मालक असे सोडले. नवरा तेवढा सोडता येत नव्हता, त्याला सण नव्हता.

झेन्त्सीला घाटापलीकडच्या चीजच्या कारखान्यात काम मिळालंय, वर राहायला खोली. दोन तारखेला दुपारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. घाटाच्या तोंडाशी पोलीस उभे असतात, साखळ्या नसतील तर परत पाठवतात. परत म्हणजे इथं. तिला कळलंय ते. मलाही. परत आली तर तो तिला मारूनच टाकेल.

१ फेब्रुवारी, बुधवार

विगिल ट्रॅक्टर घेऊन लाकूड आणायला जंगलात, जीप कोठारात उभी. मी कोठारात होते दिवसभर. शिडी चढले. कंबर गेली.

२ फेब्रुवारी, गुरुवार

झेन्त्सी गेली!

पहाटे तो गोठ्यात, दूध काढायचं यंत्र चालू, त्या आवाजात गाडीचा आवाज बुडाला. साखळ्या आदल्या संध्याकाळीच चढवून वर गोणपाट टाकलं होतं. जाताना गळ्यात पडायला लागली. ढकललं. "पन्नास पावलांवर आवळ!"

वीस मिनिटांनी तो आत आला. कॉफी एकच कप. कळलं त्याला. टेबल उलटलं. माझे केस धरून डोकं शेगडीच्या फरशीवर आपटलं, दोनदा. "कुठं? कुठं गेली?" मी सांगितलं नाही. पण वर येणारा-जाणारा रस्ता एकच आहे. दारामागची बंदूक घेतली त्यानं.

"घेऊनच येतो तिला. उभी नाहीतर आडवी."

मग अंगणात साखळ्या चढवल्याचा खडखडाट, मग जीपचा आवाज.

डोळ्यात रक्त येतंय, ओळी वाकड्या होतायत.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

झेन्त्सीचा फोन. पोचली. घाटात पोलिसांनी चाकाला लाथ मारून पाहिली आणि हात केला — जा. रडली. रडू दे आता.

दुपारी हार्टविग आला, टोपी हातात. विगिलची जीप चौथ्या वळणाखाली, ओढ्यात, चाकं वर. खांब काडीसारखे मोडलेत. बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. जिवंत आहे. डावा पाय मात्र जीपमध्येच राहिला. हार्टविग जमिनीकडे बघत बोलत होता. "ओमा, साखळीनं ब्रेकची नळी कापली. दोनशे पंचवीसच्या होत्या त्या." मी त्याला कॉफी दिली. प्याला नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

विगिलनं दवाखान्यातून पोलिसांना सांगितलं, साखळ्या बायकोनं बदलल्या. ते उद्या झेन्त्सीला आणायला जाणार.

कोणी जायचं नाही. खिळ्यावरच्या मी काढल्या, जीपच्या डब्यात मी घातल्या. जीपच्या खऱ्या माझ्या गादीखाली आहेत, काढून बघा. निघताना त्यानं दारातून ओरडून विचारलं होतं, "ओमा, डब्यात साखळ्या आहेत ना?" मी म्हणाले, आहेत. होत्याच.

वही टेबलावर उघडी ठेवते. वाचता येत नसेल तर हार्टविगला बोलवा. झेन्त्सीला एक अक्षर विचारायचं नाही. विचारायचं ते मला, उत्तर मी देणार.