यादीत एक कमी

चामराजपेट, बेंगळुरू
३ जून २०२५

ती. अक्कास,
सुमंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांना फोन चालत नाही आणि मोबाइलवरचा मजकूर तुला दिसत नाही, म्हणून एकाच गावात राहून ही पत्रं. पोस्टमन मला हसतो, हसू दे.

बातमी चांगली आहे. आमच्या आमदारबाई रस्ते सुरक्षेचं खासगी विधेयक आणताहेत, आणि त्यांचा स्वीय सहायक म्हणून टिपणं मीच काढतोय. एखाद्या चौकात तीन वर्षांत ठराविक मृत्यू नोंदले गेले, तरच तो धोक्याच्या यादीत जातो. यादीत आलेल्या चौकात नव्वद दिवसांत सिग्नल आणि गतिरोधक बसलेच पाहिजेत, अशी सक्ती बाईंना कायद्यात हवी आहे. समितीला दाखवायला त्यांनी नेमका तुझ्या घरासमोरचा चौक निवडलाय. पण तिथे एक मृत्यू कमी पडतो. बाई हळहळल्या. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

गुडघ्यांना तेल लाव. आठवण ठेव.
तुझा सुमंत

बनशंकरी
९ जून २०२५

चि. सुमंतास,
अ. उ. आ.

एक कमी पडतो म्हणे! कोणाचा, ते तुला ठाऊक आहे आणि मला. नरसिंहरावांचा. (नाव घेतलंय, उखाणा तू जोड.) त्या मोटारसायकलने उडवल्यावर हे धूळ झटकून चालत घरी आले, कॉफी मागितली आणि तासाभरात गेले. वासुदेव डॉक्टर पोलिसांना कळवू म्हणत होते. तू त्यांचे पाय धरलेस. शवचिकित्सा नको, अपमृत्यू म्हणायला नको, नारायणबळी नको, सिद्धीच्या सासरी कुजबूज नको. हृदयविकाराचा दाखला झाला. मीही मान हलवली. आता डॉक्टरही वारले, आणि मी दोन वर्षं सिद्धीला, पोटच्या लेकीलासुद्धा तेच सांगतेय.

त्या दिवसापासून मी रस्ता ओलांडलेला नाही. देऊळ पलीकडे, मी अलीकडे. शुक्रवारी गच्चीतूनच हात जोडते. दोनदा पदपथाच्या कडेपर्यंत गेले, अर्धा तास उभी राहिले आणि परत आले. भाजी, गोळ्या सगळं वरच्या मजल्यावरची स्मृती आणते. माणसाने किती दिवस दुसऱ्याच्या पायांनी जगायचं रे?

मी समितीला खरं काय ते लिहून देते. मसुदा तू कर, सरकारी भाषा तुझी.

उत्तर लवकर दे, माया आहेच.
अक्का

चामराजपेट
१४ जून २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खोटा दाखला हा गुन्हा आहे, अक्का. माझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल. बाईंचं विधेयकही हास्यास्पद ठरेल. सभागृहात म्हणतील, नोंदीचा कायदा मागताय आणि तुमच्याच माणसाने नोंद चुकवलीय.

स्वल्प थांब. पोलिसांकडे नोंद नसली तरी घरच्यांच्या सांगण्यावरून मृत्यू मोजता यावा, असं एक कलम बाईंना सुचवतो. ते झालं की बघू. दोन वर्षं थांबलीस, अजून दोन महिने थांब. हात जोडतो.

रागावू नकोस.
सुमंत

बनशंकरी
२० जून २०२५

चि. सुमंतास,
अ. उ. आ.

सरी, बरं, थांबते. तू माझा पाठचा भाऊ. तुला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावून मी देवळाच्या कशा चढू? पण मन खातंय, हे सांगून ठेवते. तुझं ते कलम लवकर होऊ दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
अक्का

चामराजपेट
२१ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा चौक यादीत आला! गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी तिथे एक बाई गेली, कामाला निघाली होती. वाईट झालं, पण त्यामुळे आकडा पूर्ण झाला. आमदारबाई समितीत फार छान बोलल्या आणि सिग्नलला मंजुरी मिळाली. घरच्यांच्या सांगण्याचं कलम मात्र मी सुचवलं नाही. विषय निघाला की प्रश्नही निघतात. आता तुझ्या निवेदनाची गरजच उरली नाही. सुटलो आपण.

सिग्नल लागला की मीच तुला हाताला धरून देवळात नेईन.
सुमंत

बनशंकरी
२६ ऑगस्ट २०२५

चि. सुमंतास,
अ. उ. आ.

सुटलो, हा शब्द तू कसा लिहिलास?

तिचं नाव कस्तुरी. तू लिहिलं नाहीस, मी स्मृतीकडून विचारून घेतलं. पलीकडच्या शिवणाच्या कारखान्यात होती. मुलगी तीन वर्षांची. जूनमध्ये मी लिहून दिलं असतं तर आकडा जूनमध्येच पूर्ण झाला असता. सिग्नल तेवढ्यात लागला असता की नाही, मला ठाऊक नाही. तुलाही नाही.

काल मी निवेदन समितीला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. दाखला खोटा होता, तो तू मागितलास आणि मी मान हलवली, सगळं लिहिलंय. सिद्धीलाही प्रत गेली. पोस्ट रस्त्यापलीकडे आहे. स्मृती म्हणाली मी टाकते, पण मी दिलं नाही. तिचा दंड घट्ट धरून गेले आणि आले.

तुला वाईट वाटेल. मलाही वाटतंय, तू धाकटा आहेस. पण तुला वाचवायला मी दोन महिने गप्प बसले, आणि ते दोन महिने कस्तुरी रोज सकाळी तो रस्ता ओलांडत होती.

आशीर्वाद आहेतच. लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
अक्का