गुलाबासाठी एकच चार्जर

३ फेब्रुवारी, सकाळी ९
बायको दहा दिवस बहिणीकडे गेली. जाताना बजावलं की गॅलरीतल्या गुलाबाला रोज तांब्याभर पाणी घाला. रोप सासूबाईंच्या हातचं. त्या गेल्या, त्यांचं घर विकलं, उरलं एवढंच. बावीस वर्षं कॉम्प्युटर हाताळणाऱ्या माणसाला तांब्या धरायला सांगणं म्हणजे शुद्ध अपमान. मी ऑटोमॅटिक यंत्र करणार. पंप चालू-बंद करणारा चिमुकला कॉम्प्युटर बोर्ड, पंप, बादली. ऑफिसात दहा दिवसांची रजा टाकली.

४ फेब्रुवारी
दुकानदार म्हणे बोर्डाला पाच व्होल्टचा चार्जर घ्या, पंपाला वेगळा. या धंदेवाईक वृत्तीचा वीट आलाय. दोन चार्जर, दोन वायरी, दोन प्लग. शी. एका घरात दोन चुली मी मांडणार नाही.

दुपारी ४
जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर सापडला. पाचापेक्षा बारा केव्हाही बरे. जोडला.

४ वाजून १ मिनिट
धूर. जळक्या प्लास्टिकचा घाणेरडा वास. हल्ली मालच भिकार येतो.

५ फेब्रुवारी
दुसरा बोर्ड आणला. दुकानदाराने हसू दाबलं. असल्या लोकांची किळस येते. या वेळी मोबाइलचा जुना चार्जर, पाच व्होल्ट. बोर्ड त्यावरच, पंपही त्यावरच. प्रोग्राम मीच लिहिला: सुरू होताच आधी पाच सेकंद पाणी, मग चोवीस तास आराम. दारात आलेल्याला आधी पाणी विचारावं, ही आपली रीत.

६ फेब्रुवारी
पंप घरघरला की बोर्डाचा दिवा विझतो, परत लागतो. सारखं चालू आहे. सुरुवातीला असं होतच असणार. बायकोला फोन केला, म्हटलं तुझी काळजी मिटली. तिने विचारलं, पाणी घातलं का. हिला काही सांगण्यात अर्थ नाही.

८ फेब्रुवारी
बादली दिवसातून तीनदा भरावी लागते. आळशी माणसाला हे झेपलं नसतं.

९ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या बाई तावातावाने वर आल्या. त्यांच्या धुतलेल्या चादरींवर चिखल ठिबकतोय म्हणे. मी समजावलं की यंत्र ऑटोमॅटिक आहे. त्या म्हणाल्या, मग त्याच्याकडूनच चादरी धुऊन घ्या. काय ही भाषा.

११ फेब्रुवारी
मेहुण्याला व्हिडिओ पाठवला, कौतुक करेल म्हणून. तो म्हणतो, पंप सुरू होताना चार्जर दमतो, व्होल्टेज पडतं, बोर्ड बंद पडून नव्याने सुरू होतो. सुरू झाला की तुमच्या हुकमाप्रमाणे आधी पाणी. म्हणजे हा पठ्ठ्या बोर्ड सहा दिवस दर क्षणी पहिलाच दिवस समजतोय. पंपाला वेगळा चार्जर द्या म्हणाला. हा आणि दुकानदार एकमेकांना सामील असावेत. उद्या जरा जाडजूड चार्जर बघतो. पण एकच.

१३ फेब्रुवारी, दुपारी
बायको आली. आल्या आल्या गॅलरीत गेली. कुंडीतून नासका वास येत होता. मला आजवर तो खालच्या बाईंच्या घरातला वाटत होता. तिने रोपाला नुसता हात लावला, तर ते मुळासकट वर आलं. मुळं काळी, बुळबुळीत. ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती रोप मांडीवर घेऊन तिथेच ओल्यात बसली. मग तिने विचारलं की तुम्ही दहाही दिवस रजेवर घरीच होतात, तर हाताने का नाही घातलंत पाणी.

हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.