उबेचा बंदोबस्त

मुऐदर, दोहा
११ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
चैत्रालीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि आई शेजारी बसलेली. गुरुप्रसादच्या ऑफिसमधले कुणाल नाशिकला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि थोडा खजूर पाठवतेय. गुरुप्रसाद आणि आमची आर्या मजेत.

आईचं तिकीट काढलंय. डिसेंबरात येईल, आणि या वेळी पाडव्यापर्यंत मी तिला सोडणार नाही. गेल्या वर्षी महिन्याभरातच हाडं गारठली म्हणत ती परतली, आणि चैत्रालीच्या वाळवंटात आईला थंडी वाजली असं तू सगळ्या गोतावळ्यात सांगत सुटलीस. वर्षभर ऐकून घेतलं. तुला आई बारा महिने मिळते. मला एक हिवाळा मिळाला तर तुझ्या पोटात का दुखावं?

तुझ्यापाशी कबूल करते, घर गारच आहे. इथली घरं बांधतात ती उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून. जानेवारीत फरशीवर पाय ठेवत नाही, दाराखालून वारा शिरतो, आणि खिडकीतला जुना एसी काढला त्याचं भोक अजून नुसत्या फळीनं झाकलेलं आहे. म्हणून घरमालकाच्या मुदस्सिरला गाठलं. खाली मालक राहतात, वर आम्ही. दोन्हीकडची डागडुजी तोच बघतो. लखनौचा आहे, फार अदबीचा. माझ्या हिंदीत त्याला बजावलं की भैया, अम्मा आ रही हैं, उनकी ऊब का पक्का बंदोबस्त करना. अम्मा की ऊब, असं त्यानं पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि इन्शाल्ला म्हणून गेला.

लोभ आहेच, तो वाढता ठेव. आईच्या बाबतीत मात्र थोडा आवर.

तुझी,
चैत्राली


नाशिक
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. चैत्रालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र आईच्याच पिशवीत घातलंय, पाकीट चिकटवून. गोधडी आणि दोन स्वेटरही दिलेत. तुझ्या बंदोबस्तावर माझा फारसा विश्वास नाही.

पोटात दुखतं का म्हणून विचारलंस, तर हो, दुखतं. तिची औषधं मी देते, गुडघ्याला तेल मी लावते, आणि बाई शेजारणीला सांगतात काय, तर माझी धाकटी फार मायाळू. तू वर्षातून एकदा उगवतेस आणि सगळी माया गोळा करून नेतेस. गेले आठ दिवस आईची तयारी चाललीय, लग्नाला निघाल्यासारखी. माझ्या हातची मेथीची भाजी सकाळी तिनं अर्धी ठेवली. म्हणाली, आता काय, चैत्रा करून घालेल.

जानेवारीत ती परत आली तर विमानतळावर हार घेऊन उभी राहीन, हे आधीच सांगून ठेवते. तिला जप. सकाळी कानाला रुमाल बांधल्याशिवाय गच्चीत जाऊ देऊ नकोस. तिच्याशिवाय घर अगदी ओकंओकं वाटेल, तेव्हा फोन करत जा.

मोठीचा राग मनात धरू नकोस, मायेतला वाटा ठेव.

तुझी,
ताई


मुऐदर, दोहा
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हार परत कर. आई ठणठणीत आहे आणि परतायचं नावही काढत नाही. तरी मी हे पत्र रडत लिहितेय, म्हणजे बघ.

आई आली त्याच आठवड्यात दाराची बेल वाजली. बघते तर दारात मालकांची आई, उम्म सालेह, हातात गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन, आणि मागे मुदस्सिर, काखेत कॅरम बोर्ड. मी विचारलं, दाराखाली लावायच्या पट्ट्या कुठायत? तो म्हणाला, पट्ट्या कसल्या, बाजी? तेव्हा उलगडा झाला. हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा! मी आईच्या कंटाळ्याचा बंदोबस्त करायला सांगून बसले होते, आणि बिचाऱ्यानं तो केला होता. हसून हसून पुरेवाट झाली.

मग त्यानं खरी कामंही केली. दारांना खालून रबरी पट्ट्या, भोकात फोम, दुहेरी पडदे, फरशीवर जाड गालिचा. मालकांनी गरम हवाही देणारा एसी बसवून दिला. फटी बुजल्यामुळे तो थोडा वेळ लावला तरी पुरतो. उन्हाळ्यात गारवाही असाच आत राहील आणि वीज वाचेल, असं गुरुप्रसाद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. आईची खोली म्हणजे नुसती उबदार दुलई झालीय.

आणि त्या खोलीत आईच नसते! जेवण झालं की ती खाली. तिला अरबी येत नाही, उम्म सालेहला मराठी येत नाही, तरी दोघी तासन्‌तास हसतात. तिथल्या मोठ्या दिवाणखान्यात आपल्या निम्मीही ऊब नाही, पण तिथे तिला थंडी वाजत नाही. मी ऑफिसमधून येऊन कुलूप उघडते, तेव्हा कुठे बाईसाहेब जिना चढताना दिसतात, तोंडावर खालचंच हसू घेऊन. परवा मी चहा दिला तर अरबीत आभार मानत मला शुक्रन म्हणाली. माझी आई, माझ्या घरात, मला शुक्रन!

तुझा हेवा करायची सवय होती गं. पण या परक्या बाईचा हेवा कसा करायचा? मनाचा नुसता जळफळाट होतो. आई पाडव्यापर्यंत राहील, पण माझ्यासाठी नाही.

तुझाच काय तो आधार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चैत्राली


नाशिक
२ एप्रिल २०२५

चि. सौ. चैत्रालीस,
अनेक आशीर्वाद.

प्रवास सुखाचा झाला. पाडव्याची गुढी इथे उभारली. तुझं जानेवारीतलं पत्र तुझ्या ताईनं, मृणालिनीनं, मला वाचून दाखवलं. तिच्यावर चिडू नकोस. वाचताना ती जरा खूष दिसली, ते मात्र खरं.

गेल्या वर्षी हाडं गारठली म्हणाले, ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. तुम्ही दोघं ऑफिसात, आर्या शाळेत. आली की मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. दिवसभर त्या खोलीत मी आणि भिंती. मला ऊब आली होती पोरी, तुझ्या त्या मुदस्सिरच्या हिंदीतली. लेकीला हे सांगायला जीभ रेटत नव्हती. थंडीचं निमित्त सोपं होतं. तू एवढा खटाटोप करून घर उबदार केलंस, ते रात्री अंगाला जाणवायचं. पण दिवस मला काढता आला तो तुझ्या चुकलेल्या शब्दामुळे.

आता खालचं सांगते. आम्ही खिडकीशी बसायचो, कारण तिथून फाटक दिसतं. तुझी गाडी वळली की मी हातातली सोंगटी तशीच टाकून उठायचे. म्हणून तर तुझं कुलूप निघेपर्यंत मी जिन्यात असायचे. उम्म सालेह म्हणायची, यल्ला, बिन्त आली, जा. यल्ला म्हणजे चल, बिन्त म्हणजे लेक. तिची लेक दोह्यातच, द पर्लला राहते, गाडीनं जरासं अंतर, पण येते सणावारालाच. मी उठले की ती तोंड फिरवून गहवा ओतत बसायची, आणि मला निरोपही द्यायची नाही. तू तिचा हेवा करत होतीस, आणि ती माझा.

ऑफिसातून आलीस की कधीतरी आधी तिच्या दारात डोकाव. ती अजून त्याच खिडकीशी बसत असणार.

माझा लोभ दोघी लेकींवर सारखाच आहे, पण हे मृणालिनीला कळवू नकोस. तुझं ते पत्र आल्यापासून तिच्यावर जास्त आहे अशी तिची समजूत झालीय.

तुझी,
आई