तिसऱ्या हिश्श्याची हद्द

बिस्मिल्लाह. मी, निक इद्रिस बिन निक सालेह, वय चौऱ्याहत्तर, भूमापन खात्यातून निवृत्त, राहणार तुंपात, केलांतान, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. माझे यकृत आता फार दिवस साथ देणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके मात्र शाबूत आहे. अक्षर हलले असेल तर तो हाताचा दोष समजावा.

माझी पत्नी हयात नाही. मुलगी निक सुरैया मागील वर्षी रमझानच्या आधी वारली. मुलगा निक फौझान क्वालालंपूरला असतो आणि शरियतीप्रमाणे आज तोच माझा एकटा वारस आहे. सुरैयाची मुलगी इल्यानी माझ्याजवळ राहते. ती गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेला निळा भात रांधून बाजारात विकते. मुलगा हयात असताना मुलीची मुलगी वारस ठरत नाही. तिला मी काही देऊ शकतो ते या कागदानेच, आणि तेही एकूण मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. त्यासाठीच हे लिहिणे.

१. माझे दफन साधे करावे. कबरीवर फरशी नको. नंतर औषधाच्या दुकानाचे देणे फेडावे, आणि आजारपणात राहिलेल्या रोज्यांच्या भरपाईचे तांदूळ गरिबांना द्यावेत. हे सर्व झाल्यावर जे उरेल त्याचेच हिस्से करावेत.

२. माझी मोजणीची दुर्बीण व तिपाई खात्यातला माझा जुना मदतनीस मत झीन यास द्यावी. भातखाचरांत पायांना जळवा लागलेल्या असतानाही त्याने माझ्यासाठी मोजणीची काठी सरळ धरली आहे.

३. अंगणातली वेताची आरामखुर्ची शेजारी हाजी जुसोह बिन अवांग यांस द्यावी. याचे कारण लिहून ठेवतो.

सुरैया एका बँकेच्या शरियत समितीवर होती. अशा बँकेला व्याज घेता येत नाही. ती वस्तू आधी स्वतः विकत घेते आणि नफा ठेवून गिऱ्हाइकाला हप्त्यांवर विकते. सगळे याच क्रमाने झाले की नाही हे समिती तपासते आणि वर्षअखेरीस सही देते. एका वर्षी बँकेने आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना होड्यांची इंजिने दिली. कागद नीट होते, तरी सुरैया उठून इंजिनांच्या दुकानात गेली. दुकानदार तिला सहज म्हणाला, "इंजिनं होय ताई? बँकेनं माझ्याकडून घेतली ती आत्ता, गेल्या आठवड्यात." कोळ्यांच्या सह्या तर त्याच्या कितीतरी आधी झाल्या होत्या. म्हणजे बँकेने आपली नसलेली वस्तू विकली होती.

पुढचे मला समितीचे प्रमुख उस्ताद झहारी यांनी तिच्या दफनानंतर सांगितले. तिने स्वतः कधी सांगितले नाही. बैठकीत बँकेचे मोठे साहेब तिला म्हणाले, "बाई, कोळ्यांना इंजिनं मिळाली ना? होड्या चालल्यात ना? मग?"

"मिळाली. पण विकलीत तेव्हा ती तुमची नव्हती. मग नफा कशावर घेतलात?"

"देवसुद्धा इतकं बारीक बघत नाही हो!"

"तो बघतो की नाही ते त्याच्यावर सोडा. मला तुम्ही बघायला ठेवलंय, म्हणून मी बघतेय."

तिने सही केली नाही. मग बाकीच्यांनीही पेन खाली ठेवले. इंजिनांवरचा सगळा नफा दानात गेला आणि कोळ्यांचे करार पुन्हा, योग्य क्रमाने झाले.

हाजी जुसोह यांचे त्या बँकेत शेअर होते. कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत ते मला म्हणाले, "काय रे इद्रिस, तुझ्या लेकीनं माझा डिव्हिडंड फकिरांना वाटला म्हणे! पुढच्या वर्षी त्या यादीत माझंही नाव घालायला सांग तिला." सगळे हसले. मी कॉफी संपवली आणि घरी आलो. त्या दिवशी बोललो नाही ते आता लिहितो. ती माझी मुलगी होती, आणि तशी गोड कॉफी मी पुन्हा कधी प्यायलो नाही.

सुरैयाच्या जनाज्याला पहिला खांदा हाजी जुसोह यांनीच दिला, म्हणून ही खुर्ची. ते बोलले तेही लक्षात आहे, म्हणून खुर्चीचा मोडका पाय मी दुरुस्त करून देणार नाही.

दुर्बीण आणि खुर्ची यांची किंमत वर सांगितलेल्या तिसऱ्या हिश्श्यातच धरली आहे. त्या खुर्चीपायी इल्यानीचे थोडे अंगण कमी झाले, हे हाजींना जरूर सांगावे.

४. घर व जमीन. संपूर्ण घर इल्यानीला द्यावे अशी माझी इच्छा होती. ते तिसऱ्या हिश्श्यात बसत नाही. जिवंतपणी बक्षीस द्यावे तर शेवटच्या आजारातले बक्षीसही मृत्युपत्रातच धरतात. हे मला पूर्वी सुरैयानेच समजावले होते. फौझानला फोन केला. तो म्हणाला, "अबाह, मी तर घर विकणार आहे. तिचा वाटा तिला रोख देतो ना! उद्या लग्न करून जाईल ती, घर काय करायचंय तिला?" इल्यानी फोनजवळच होती. नंतर ती एवढेच म्हणाली, "आजोबा, चुलीपुरती जागा राहिली तरी माझं भागेल."

हाजी जुसोह यांनी सुचवले, "अरे, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यास. ओळखीचा माणूस बघ, घराची किंमत थोडी कमी लावून घे. बसतंय सगळं तिसऱ्या हिश्श्यात. कोण बघतंय?"

मी दुसऱ्या जिल्ह्यातून, मला न ओळखणारा मूल्यमापक बोलावला. त्याने लावलेली किंमत जोडली आहे. त्यावरून तिसऱ्या हिश्श्याची जागा मी स्वतः मोजली आणि दगड रोवले. हद्द मागच्या फणसापासून निघून विहिरीच्या कडेने घरात शिरते. स्वयंपाकघर, मागची ओसरी, विहीर आणि रस्त्यापर्यंतची वाट इल्यानी बिंती रोस्लान हिची. ही जागाच द्यावी, तिच्या बदल्यात रक्कम देऊ नये. बाकी सर्व फौझानचे. माझ्यामागे त्याने स्वखुशीने आणखी काही सोडले तर तो त्याचा मोठेपणा. त्यासाठी कोणी त्याला गळ घालू नये.

हद्द सुरैयाच्या खोलीच्या अलीकडून जाते. तिने डोळे मिटले ती खोली फौझानच्या बाजूला राहते. मोजताना मत झीनने काठी त्या खोलीच्या भिंतीपलीकडे नेऊन धरली होती. म्हणाला, "साहेब, चार-पाच हातच तर आहे."

मी त्याला काठी मागे घ्यायला सांगितली. दगड तिथेच आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी उस्ताद झहारी बिन मुहसिन यांनी करावी. कुठे शंका आली तर सुरैयाने सही केली असती का, एवढे पाहावे.

हे वाचून, समजून सही करीत आहे.

निक इद्रिस बिन निक सालेह

साक्षीदार (हाजी जुसोह साक्षीला तयार होते, परंतु खुर्ची मिळणाऱ्याची साक्ष घेतलेली नाही):
१. इमाम वान रम्ली बिन वान सेमान
२. हारून बिन तालिब, निवृत्त मुख्याध्यापक

तुंपात, रविवार, १५ मुहर्रम १४४१, म्हणजे १५ सप्टेंबर २०१९