पन्नासाव्या मीटरला खलास

ती. उल्हासमामा यांस,

धनंजयचा नमस्कार. वाकून केलाय, कंबर साथ देईल तेवढाच. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची चिपळूणची शाळा, तिचे संस्थाचालक आणि तुमचं बीपी, तिन्ही आटोक्यात असोत. मी मजेत आहे (असं लिहावं लागतं म्हणून लिहिलं).

दुबईत कोच म्हणजे केवढा थाट असेल, असं तुम्ही विचारलंत. ऐका थाट. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे वर्षातली एकमेव माणसासारखी हवा असते. लोक बागेत चटया टाकून लोळतात, आणि नेमका तेव्हाच आमचा इनडोअर हंगाम असतो. मग मी विद्यापीठाची आठ पोरंपोरी घेऊन अल क्वोजच्या एका गोदामात शिरतो. माहितीपत्रकात त्याला 'स्पोर्ट्स फॅसिलिटी' म्हणतात. अर्ध्या भागात न्हाणीघराच्या फरश्यांचे खोके, उरलेल्यात चौसष्ट मीटरचा सरळ पट्टा. शर्यत साठ मीटरची. म्हणजे जिंकल्यावर थांबायला चार मीटर, पुढे लोखंडी शटर. (पहिल्याच आठवड्यात तनिषनं ते कपाळानं मोजलं. तीन टाके.)

मी तोड काढली. गोदामाचा वॉचमन भिवा, खेडकडचा, पन्नाशीचा माणूस, दिवसभर खुर्चीवर बसून असतो. त्याला पन्नासाव्या मीटरला उभं केलं. पोरं तिथवर आली की त्यानं ओरडायचं, "खलास!" की पोरांनी ब्रेक मारायचा. (त्याची सुट्टी असली की मी ओरडायचो.) तीन महिने, रोज वीस-वीस वेळा. शटर वाचलं, कपाळं वाचली, आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की विचारू नका! शेवटचे दहा मीटर कुणी धावतच नाहीये, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

इकडे माझा करार संपत आलेला. क्रीडा विभागाच्या प्रमुख नबिला मॅडम, त्यांना विचारलं की गोड हसून म्हणायच्या, "मेडल फर्स्ट, कोच. इन्शाल्ला." पदक नाही तर करार नाही, करार नाही तर व्हिसा नाही, म्हणजे लतिकाला आणि दहावीतल्या वेदला घेऊन महिन्याभरात चंबूगबाळं आवरायचं.

अबुधाबीच्या हॉलमध्ये फायनल. आमची सगळी भिस्त श्रियावर. भिवालाही हौसेनं नेलं होतं, गडी नवा शर्ट घालून आला. बार झाला, श्रिया सुटली, सगळ्यांच्या हातभर पुढे! आणि पन्नासाव्या मीटरला कठड्यापासून गळा फाडून आरोळी आली, "खलास!" पोरीनं ब्रेक मारला. चौघी तिच्या बाजूनं निघून गेल्या. विचारलं तर म्हणते, "सर, आय हर्ड खलास, सो आय स्टॉप्ड." रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि तेव्हापासून बोलत नाही.

मग चौकशी. मी अहवाल दिला : बाहेरच्या इसमानं ऐन शर्यतीत आरोळी ठोकली, खेळाडू विचलित झाली, कोचचा दोष नाही. अडाण्याला सोबत नेलं ही चूक माझीच, असंही उदार मनानं लिहिलं. मॅडमना पटलं. करार वर्षभरासाठी वाढला. लतिकानं शिरा केला, मी माझी वाटी वेदपुढे सरकवली. भिवाच्या कंपनीनं मात्र तक्रार पोचताच त्याचा व्हिसा रद्द केला. मंगळवारी त्याचं विमान आहे.

मामींना नमस्कार, पोरांना पाठीत एक प्रेमाचा धपाटा.

तुमचा भाचा,
धनंजय

ता. क. : तुमच्या शाळेत शिपायाची जागा रिकामी आहे असं मामी म्हणाल्या होत्या. ती भिवाला द्या. खरं तर पत्र त्याचसाठी लिहिलं, वरचं सगळं नुसतं चऱ्हाट. माणूस वेळेचा पक्का आहे, कधी उलटून बोलत नाही. हवं तर पाया पडतो, पण नाही म्हणू नका.

आणखी एक : आरोळीची हकीकत वाचून तुम्ही त्याला नाकाराल म्हणून सांगतो. तो ओरडलाच नव्हता. हॉलच्या भिंतीला गाद्या लावलेल्या होत्या, तरी मला पोरीपुढे ते शटरच दिसलं, आणि माझ्याच तोंडातून 'खलास' निघून गेलं. चौकशीत विचारलं, कोण ओरडलं? मी मान खाली घालून मॅडमच्या लॅपटॉपची वायर बघत होतो. भिवानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मैंच चिल्लाया, मॅडम. साहब का कुछ नहीं."