भिंत वाळेपर्यंत

प्रिय भिंगरी,

तर सगळ्यात आधी आली ती खालच्या मजल्यावरची शिक्षिका. जिन्यातून छत्री उघडी धरून वर आली गं! तिच्या छताला धार लागली होती म्हणे. माझा दुपारचा जरा डोळा लागला होता, बेल ऐकून उठले, दार उघडलं, तिचा अवतार बघून हसले आणि मग खाली बघते तर माझेच पाय घोट्यापर्यंत पाण्यात. तिच्यामागून नळवाला, त्याच्यामागून तुझा बाबा. स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहतोय, बेसिनच्या तोंडाशी फडकं अडकलेलं. सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या. मागे त्यांनी चपला फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या ना, तेव्हापासून घरात खुट्ट झालं तरी माना तिकडेच. ते बिचारे टॉवेलने गादी पुसत म्हणाले, मीच असेन.

आज अकरावा दिवस. दोन दांडगे पंखे आणि हवेतली ओल ओढणारं एक यंत्र, असे तीन पाहुणे घरात आहेत. जेवत नाहीत, पण घोरतात! आजोबा यंत्राला म्हणतात, बस रे जरा, दमलास. त्याच्या पोटातून रोज बादलीभर पाणी निघतं. कपाट भिंतीपासून ओढलंय, त्याच्यामागे काळी बुरशी, भिंतीचे पोपडे हातात येतात. वास तर असा की नाकाला पदर लावूनच जेवायचं. ओल मोजणारा माणूस एक दिवसाआड येतो, भिंतीला दोन सुया टोचतो आणि डॉक्टरसारखं तोंड करतो. आकडा खाली यायचं नाव नाही. तुझा बाबा आजोबांकडे बघत म्हणाला, हे परत नळ सोडत असणार. मग उलगडा झाला. तो माणूस यायच्या आधी मीच फरशी आणि भिंतीचा खालचा पट्टा ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवत होते. परका माणूस येणार, त्याला काय धुळीचं घर दाखवायचं? त्याने कपाळावर हात मारला, म्हणाला, आजी, मी वाळवतोय आणि तुम्ही भिजवताय! सगळे पोट धरून हसले. मीही हसले. ती चूक कबूल करताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

हसून झाल्यावर तुझ्या बाबाने खिशातून कागद काढला. म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथे एक खोली मिळालीय. एकाच माणसाची. भिंत वाळो न वाळो, आजोबांनी आता तिथेच राहायचं. म्हणाला, आई, पुढच्या वेळी गॅस असेल. त्याचंही काय चुकलं? आजोबा पिशवी भरायला बसले. नंतर मी उघडून बघितली. आत माझा जुना चष्मा, माझी लोकरीची टोपी आणि माझ्या गुडघ्याचं मलम. त्यांना वाटतंय, आम्ही दोघं चाललोय.

भिंगरे, नळ मी सोडला होता. फडकं भिजत घातलं आणि जरा पाठ टेकते म्हणून आडवी झाले. सांगणारच होते, पण सगळे आधीच त्यांच्याकडे बघत होते, आणि मला धडकी भरली की दोघंही विसराळू ठरलो तर घरच जाईल. आता घर राहील आणि मी एकटी त्यात. अकरा दिवस रोज ठरवते, बाबा समोर आला की तोंड उघडते आणि चहा टाकू का एवढंच बाहेर पडतं. फोनवरही तेच. कागदावर आज जमलं. तुझं तो ऐकतो. हे त्याला वाचून दाखव, अक्षराला हसला तर हसू दे, पण पत्र हाती पडल्या पडल्या दाखव. आज शनिवार. तो आणि तिथली माणसं आजोबांना न्यायला येतो म्हणालेत गुरुवारी, सकाळी दहाला.

तुझीच,
आजी