दोन संगणक एका तारेने जोडू देण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत.

विषय : प्रयोगशाळेतील दोन संगणक प्रात्यक्षिक परीक्षेपुरते एकमेकांना जोडण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे पूर्वीचे अर्ज. २) नेटवर्क सुरक्षा कक्षाच्या माझ्या वर्गातील दोरीविषयीच्या नोटिसा. ३) अपूर्ण प्रात्यक्षिकांचे अभ्यासक्रम रद्द करण्याचे परिपत्रक.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय लिहिते की, विद्यापीठाने यंदापासून 'संगणक नेटवर्क : तोंडओळख' हा अभ्यासक्रम सुरू केला आणि शाळेतून निवृत्त झालेल्या मला तो शिकवायला बोलावले. नियुक्तिपत्राच्या तळाशी 'मुलांना सोपे करून सांगावे' असे आपण स्वतःच्या हाताने लिहिले होते. ती ओळ वाचूनच मी होकार दिला. त्यामुळे पुढे जे घडले त्यात थोडा वाटा आपलाही आहे, हे आदरपूर्वक नमूद करते.

१. प्रयोगशाळा उत्तम आहे. टेबले नवी आहेत, पडद्यांवरचे प्लास्टिकही अजून निघालेले नाही. मात्र सुरक्षा कक्षाच्या नियमानुसार विद्यार्थी वापरतात तो कोणताही संगणक दुसऱ्या कशाला जोडता येत नाही. भिंतीतल्या जोडणीच्या जागांवर चिकटपट्टी लावून वर शिक्का मारला आहे. नियम चांगल्या हेतूने केला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका संगणकाने दुसऱ्याशी कसे बोलावे, हाच ज्यांचा विषय, ती मुले एकेकट्या संगणकापुढे बसून आहेत. कोरड्या हौदात पोहायला शिकवावे तशी माझी गत झाली आहे.

२. जोडणीच्या परवानगीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, आणि तोही ज्या संगणकाला परवानगी हवी त्याच संगणकावरून. तो जोडलेला नसल्याने अर्ज जात नाही. ही अडचण मी कक्षाच्या खिडकीवर जाऊन सांगितली. तेथील गृहस्थ भले आहेत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हेच तेवढं ऑनलाइन टाका."

३. मग मी वर्गातच नेटवर्क उभे केले. बाके दूरदूर सरकवली, त्यांच्यामध्ये दोऱ्या बांधल्या आणि चिठ्ठ्या अडकवायला कपड्यांचे चिमटे घेतले. चिठ्ठीवर आपले नाव नसेल तर ती उघडायची नाही, पुढच्या बाकाकडे सरकवायची, एवढाच नियम. मुलांनी लांबलचक पत्राचे तुकडे करून पाठवले, त्यांवर क्रमांक घातले आणि ते उलटसुलट पोचले तरी नीट जुळवले. मी मुद्दाम एक दोरी कापली, तेव्हा कुणीही न सांगता त्यांनी चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूने वळवल्या.

वर्गात एक मुलगी आहे. अखंड बोलते म्हणून सगळे तिला 'रेडिओ' म्हणतात. तिच्या मागे बसणारे विद्यार्थी घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद करून शिकायला आले आहेत. त्यांना मुले 'काका' म्हणतात. एकदा या दोघांमध्ये एक चिठ्ठी तासभर जा-ये करत राहिली. "काका, पुढे तुमच्याकडूनच जाते ना?" "मला वाटलं, तुझ्याकडून जाते." वर्ग हसून लोळला. पण अशी चिठ्ठी केव्हातरी थांबवायची सोय हवी, आणि थांबवली तर पाठवणाऱ्याला कळवायला हवे, हे त्यांचे त्यांनाच सुचले. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असा तास मला क्वचितच मिळाला आहे.

४. त्यानंतर नोटीस आली. तीत नेटवर्कची व्याख्या 'एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर माहिती नेणारी कोणतीही व्यवस्था' अशी दिली आहे. व्याख्या अचूक आहे. विद्यार्थ्याने लिहिली असती तर मी पूर्ण गुण दिले असते. तिला धरून माझी दोरी विनापरवाना नेटवर्क ठरली आणि चिमट्यांसह जप्त झाली. या नेटवर्कचा पासवर्ड शेवटचा केव्हा बदलला, असा खुलासाही मागवला गेला. दोरीला पासवर्ड नाही, असे मी खरे ते कळवले. त्यावर पासवर्डविना नेटवर्क चालवल्याबद्दल दुसरी, अधिक कडक नोटीस आली.

५. दरम्यान माझे कागदी अर्ज सुरक्षा कक्ष आणि प्रयोगशाळा विभाग यांच्यामध्ये फिरत आहेत. दोघेही 'उचित कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून ते एकमेकांकडे पाठवतात. काका माझ्यासोबत चौकशीला आले होते. समासातले शेरे वाचून ते हळूच म्हणाले, "बाई, हे आपल्या चिठ्ठीसारखं झालं." मला हसू आले नाही.

६. येत्या सोमवारी बाहेरचे परीक्षक येत आहेत. एका संगणकावरून दुसऱ्यावर एक निरोप पोचवून दाखवणे, एवढीच परीक्षा आहे. ती झाली नाही तर परिपत्रकानुसार अभ्यासक्रम रद्द होईल आणि सर्व मुले नापास धरली जातील. रेडिओला एका दवाखान्यात संगणक सांभाळण्याची नोकरी लागली आहे. यंदाचा निकाल दाखवल्याशिवाय ते तिला रुजू करून घेणार नाहीत. काकांना 'या वयात कसला अभ्यास' हे घरी रोज ऐकावे लागते, आणि आता ते ऐकवणाऱ्यांचेच खरे ठरेल. काल रेडिओ पूर्ण तास एक शब्द बोलली नाही. महोदय, ती गप्प बसलेली मला बघवत नाही.

तरी विनंती अशी की, सोमवारी एका तासापुरती दोन संगणकांत एक तार जोडू द्यावी. ते संगणक बाहेरच्या कशालाही जोडले जाणार नाहीत. हवे तर कक्षाचा माणूस शेजारी उभा करावा. तेही जमत नसेल तर माझी दोरी परत करून तिच्यावर परीक्षा घेण्यास परीक्षकांना कळवावे. यातले काहीच शक्य नसेल तर मला काढून टाकावे आणि ज्यांना परवानगी मिळू शकते अशा कुणाच्या तरी हाती मुले सोपवावीत. दोरी बांधली ती मी. त्यापायी मुलांचे वर्ष जाऊ नये.

हा अर्ज कोणत्याही विभागामार्फत पाठवलेला नाही. आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून लिहिला आहे आणि आपण आलात की हातात देणार आहे. शिपाई म्हणतात, "बाई, साहेब आज मागच्या दाराने गेले, उगाच बसू नका." मी बसले आहे. फक्त दुपारी तासापुरती उठेन. प्रयोगशाळेत मुले वाट पाहत असतात.

उत्तर मिळेपर्यंत आपल्या दाराशी असलेली,
(सही)
अध्यापिका, 'संगणक नेटवर्क : तोंडओळख'
दिनांक : आज, शुक्रवार

सोबत :
१) दोरी व चिमटे जप्त केल्याची पावती.
२) दोन्ही नोटिसांच्या प्रती.
३) तार, एक नग. (दोन्ही टोके मोकळी आहेत.)